घरमालक भाडं घेत नाही तेव्हा

गिरगावातल्या त्या चाळीत काकूंनी आधी चहा दिला आणि मग कपाटातून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढली. आत दोन गठ्ठे होते. पहिल्यात भाडेपावत्या. जुन्या सासऱ्यांच्या नावाच्या, नंतरच्या नवऱ्याच्या, कडा झिजलेल्या, प्रत्येकीवर खोलीचा नंबर आणि मालकाच्या मेहताजींची आडवी सही. दुसऱ्या गठ्ठ्यात परत आलेल्या मनीऑर्डरींचे कागद. त्यांवर पोस्टाचा एकच शेरा: घेण्यास नकार.

‘‘हे गेल्यावर पावती माझ्या नावावर करून द्या म्हणून मालकांकडे गेले होते. ‘बघू’ म्हणाले. पुढच्या महिन्यापासून भाडंच घेईनात. माझे धाकटे दीर म्हणाले, वहिनी, दर महिन्याला मनीऑर्डर करत जा, आणि परत आली तरी कागद फेकू नका.’’

दिरांचा सल्ला लाखमोलाचा होता. मुंबईतल्या जुन्या जागेचं भांडण बहुतेकदा ‘खोली रिकामी करा’ या शब्दांनी सुरू होतच नाही. ते सुरू होतं भाडं न घेण्यापासून. भाडेकरू एक-दोनदा खेटे घालतो, मग कंटाळतो. नाही घेत तर नाही, पैसे कुठे जातायत, अशी स्वतःची समजूत काढतो. दोन-तीन वर्षं अशीच निघून जातात आणि एक दिवस वकिलाची नोटीस येते. नोटिशीत तो थकबाकीदार ठरलेला असतो.

या लेखासाठी भाडेकरू भेटले, वकील भेटले, घरमालकही भेटले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. कायदा अपुरा पडला म्हणून घर गेलेली माणसं मला थोडी भेटली. कायद्यात काय आहे हे कळण्याआधीच घाबरून, मिळतील ते पैसे घेऊन बाहेर पडलेली जास्त भेटली. आणि एक तिसरा वर्ग आहे, आज शहरांत सगळ्यांत वेगानं वाढणारा. त्याला आपण भाडेकरू आहोत असं वाटतं, पण कायदा त्याला भाडेकरू मानतच नाही. त्याच्याकडे पुढे येते.

महाराष्ट्रात आज जो कायदा चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबईचा कायदा होता, विदर्भात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा आदेश, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. तिन्ही गेले आणि एकच राहिला. थकबाकीबद्दल हा कायदा भाडेकरूच्या बाजूनं बराच ठाम आहे. मालकाला थकबाकीसाठी थेट दावा लावता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं. तरी भाडं आलं नाही तर दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावर भाडेकरूला आणखी नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही.

काकूंचं भाडं महिना १८० रुपये. तीन वर्षांची थकबाकी धरली तरी ६,४८० रुपये होते. पलीकडच्या गल्लीत नव्या टॉवरमधल्या जागा कोटींत विकल्या जातात. साडेसहा हजारांपायी कोटीची जागा जाऊ शकते, ती फक्त तारीख चुकल्यामुळे.

धोबीतलावला लोकमान्य टिळक मार्गावर लघुवाद न्यायालय आहे. वकील आणि पक्षकार त्याला ‘स्मॉल कॉजेस’च म्हणतात. मुंबईतले मालक-भाडेकरू दावे इथे चालतात. तिथले एक ज्येष्ठ वकील सांगत होते, ‘‘लोक नोटीस घेऊन येतात ना, तेव्हा मी आधी आतला मजकूर वाचत नाही. पाकीट मागतो. पोस्टाचा शिक्का कधीचा ते बघतो. निम्म्या लोकांनी पाकीट फेकून दिलेलं असतं.’’ त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खरी गडबड दुसऱ्या टप्प्यावर होते. माणूस घाबरून सुरुवातीला सगळी रक्कम कोर्टात भरतो, सुटकेचा श्वास टाकतो आणि दावा चालू असताना पुढचे महिने भरायचं विसरतो. आपलं आता झालं, असं त्याला वाटतं. तिथेच संरक्षण हातचं जातं.

काकूंची दुसरी भीती पावतीच्या नावाची. पावती नवऱ्याच्या नावावर, नवरा हयात नाही, म्हणजे आपण आता कोण? कायद्याचं उत्तर सरळ आहे. राहत्या जागेचा भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेली कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. असं कोणी नसेल तर वारस. मालकानं पावतीवर नाव चढवलं नाही म्हणून हक्क संपत नाही. पण सोबत राहत होतो हे दाखवावं लागतं आणि तिथे रेशनकार्ड, मतदारयादी, गॅसचं पुस्तक कामाला येतं. इथे एक गैरसमज घरोघरी आहे. ‘मी खोली पुतण्याच्या नावानं मृत्युपत्रात लिहून ठेवली आहे,’ असं सांगणारे कितीतरी वृद्ध आहेत. भाडेहक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच सांगितलं आहे. पुतण्या खरोखर सोबत राहत असेल आणि कुटुंबातला ठरत असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या कागदानं काही मिळत नाही.

पावती न देणं हाही मालकाचा गुन्हा आहे, त्यासाठी दंडाची तरतूद आहे. मनीऑर्डर, चेक, बँकेतून पाठवलेली रक्कम, यांतलं काहीही चालतं. भाडं द्यायला आपण तयार होतो याचा माग राहिला पाहिजे, इतकंच.

आता भाडेवाढ. जुन्या भाडेकरूच्या बाबतीत मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते. काकूंच्या १८० रुपयांवर ती महिना सात रुपये वीस पैसे होते. याखेरीज महापालिकेचे कर वाढले तर त्यांचा वाटा आणि इमारतीत सुधारणा किंवा मोठी दुरुस्ती केली तर ठरलेल्या मर्यादेत वाढ. याहून जास्त मागणं बेकायदा आहे. ‘सगळ्यांनी पाच हजार द्यायचे ठरलंय’ असं जिन्यावर सांगून जाणाऱ्या माणसाला कुठल्या कलमाखाली, असं विचारायचा भाडेकरूला पूर्ण अधिकार आहे.

मात्र इथे मालकाची बाजू ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दादरमधल्या एका इमारतीचे तिसऱ्या पिढीचे मालक मला म्हणाले, ‘‘सगळ्या खोल्यांचं भाडं एकत्र केलं तरी वॉचमनचा पगार सुटत नाही. लोक आम्हाला राक्षस समजतात. माझ्या आजोबांनी बांधली तेव्हा ही इमारत बघायला लोक यायचे.’’ त्यांचं दुःख खोटं नाही. १९४७ च्या कायद्यानं बऱ्याच जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात ते आवश्यकच होतं. पण पुढची पन्नास वर्षं ती तशीच राहिली. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत असा स्पष्ट निष्कर्ष काढला. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपायचीच होती, म्हणून न्यायालयानं तो रद्द केला नाही आणि नवा कायदा करण्याची जबाबदारी सरकारवर सोडली. १९९९ चा कायदा त्यातून आला. पण ४ टक्के वाढ मिळते ती त्याच जुन्या आकड्यावर, त्यामुळे मूळ दुखणं तसंच राहिलं.

त्याची किंमत दोघांनीही मोजली, आणि भाडेकरूंनी जिवानिशी मोजली. मालक दुरुस्ती करत नाही. कायदा भाडेकरूला सांगतो की पंधरा दिवसांची नोटीस दे, तरी दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून घे आणि खर्च भाड्यातून वळता कर. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. काकूंच्या बाबतीत हा चौथा हिस्सा ५४० रुपये होतो. त्यात सिमेंटची दोन पोतीही येत नाहीत. म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं, दुरुस्तीसाठीचा सेस म्हणजे उपकर आला, पुढे मंडळ म्हाडात गेलं. शहर भागातल्या साडेएकोणीस हजारांवर इमारती सेस भरू लागल्या. टेकू लागले, स्लॅब गळत राहिले. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. पावसाळा आला की अशा इमारतींत लोक रात्रीचे जागे असतात. मालक-भाडेकरूंच्या भांडणाबद्दल बोलताना ही भीती विसरून चालत नाही.

पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याखेरीज घेतली जाणारी एकरकमी रक्कम, याच व्यवस्थेतून वाढली. जुन्या कायद्यात ती घेणं गुन्हा होता, तरी अख्खी मुंबई पागडीवर चालत होती. १९९९ च्या कायद्यानं ती कायदेशीर केली. जागा दुसऱ्याला देताना मालकाचा वाटा, साधारण तिसरा हिस्सा, हा रिवाज आहे. कायद्यानं ठरवलेला दर नाही.

घर खाली करून घेण्यासाठी मालकाला जी कारणं मिळतात ती कायद्याच्या सोळाव्या कलमात आहेत. जागेचं नुकसान, लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची स्वतःची खरी गरज. यातली बरीचशी माणसांना माहीत असतात. ज्या कारणानं सगळ्यांत जास्त मध्यमवर्गीय कुटुंबं गाफील सापडतात ते मात्र वेगळंच आहे. दावा लावण्याच्या आधी सलग सहा महिने, योग्य कारणाशिवाय, जागा ज्यासाठी घेतली त्यासाठी वापरली नाही तर ती जाऊ शकते.

हे कसं घडतं ते गिरगावातच पाहिलं. मुलानं डोंबिवलीला वन बीएचके घेतला. आईवडील आधी महिनाभर म्हणून गेले, मग नातवंडांत रमले. चाळीतल्या खोलीला कुलूप. गणपतीत येऊन चार दिवस राहायचं, झाडलोट करायची, परत. भाडं वेळेवर जात होतं, म्हणून कुटुंब निर्धास्त. मालकानं दाव्यात बेस्टची वीजबिलं मागवली. महिन्यामागून महिने शून्य युनिट. गॅसची नोंदणी डोंबिवलीला, औषधांच्या चिठ्ठ्या तिकडच्या डॉक्टरांच्या. आजोबांचं म्हणणं होतं की घर आमचंच आहे, आम्ही भाडं भरतोय. कोर्टात प्रश्न भाड्याचा नव्हता, राहण्याचा होता. आजारपण, बदली, इमारतीची मोठी दुरुस्ती अशी कारणं असतील तर न्यायालय ती विचारात घेतं. पण ती कागदावर दाखवावी लागतात.

‘मला स्वतःला जागा हवी आहे’ हे कारण भारी वाटतं, पण त्यातही तोल ठेवला आहे. मालकाची गरज खरी आहे का हे न्यायालय पाहतं, आणि ती खरी ठरली तरी हुकूमनामा दिला तर भाडेकरूला जास्त हाल सोसावे लागतील की नाकारला तर मालकाला, याची तुलना करतं. जागेचा काही भाग देऊन भागत असेल तर तसाही आदेश होतो. आणि घर ताब्यात घेऊन मालक महिनाभरात तिथे राहायला आलाच नाही, किंवा वर्षाच्या आत त्यानं ती दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर जुना भाडेकरू ती परत मागू शकतो. त्यासाठी अर्ज तेरा महिन्यांत करावा लागतो. घर गेल्यावर माणूस वळून त्या गल्लीत जात नाही, त्यामुळे ही तरतूद क्वचितच कुणी वापरतं.

कोर्टाच्या बाहेरचे मार्ग जास्त क्रूर असतात. जिन्यातला दिवा काढणं, पाण्याच्या पंपाला कुलूप, संडासाची सफाई बंद. काळबादेवीच्या एका इमारतीत वयस्क बायका चौथ्या मजल्यावर कळशा चढवताना मी पाहिल्या. पाणी, वीज, जिन्यातला उजेड, लिफ्ट, सफाई या सगळ्या कायद्याच्या भाषेत अत्यावश्यक सेवा आहेत. रास्त कारणाशिवाय त्या तोडणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि सेवा ताबडतोब सुरू करण्याचा अंतरिम आदेश न्यायालय देऊ शकतं. अर्ज करणाऱ्यानं तारखांसकट नोंद ठेवली असेल आणि शेजारी साक्षीला उभे राहिले तर हे प्रकरण लवकर हलतं. शेजारी उभे राहत नाहीत, हीच मोठी अडचण. प्रत्येकाला वाटतं, बिल्डर आपल्याला वेगळं काहीतरी देईल.

इमारत धोकादायक ठरवून पाडली की भाडेहक्कही ढिगाऱ्यात गेला, असं मालकांचे दलाल बिनदिक्कत सांगतात. तसं नाही. सांगली-मिरज भागातल्या एका जागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये निकाल दिला की इमारत पडली तरी जमीन असते आणि भाडेकरार संपत नाही. सेस इमारतीच्या पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राची जागा मालकीनं मिळते. पण खोली सोडण्याआधी आपलं नाव आणि खोलीचं मोजमाप अधिकृत यादीत आलेलं हवं, आणि कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत हवा. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या करारावर बिऱ्हाड हलवलेली कुटुंबं आज विरार-बदलापूरला राहतात, ट्रान्झिट भाडं बंद होऊन वर्षं झाली आहेत आणि गिरगावात त्यांच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे. त्यांना भेटलं की राग येतो. मालक आणि बिल्डर यांच्याइतकाच तो या व्यवस्थेचाही येतो.

जुन्या भाडेकरूंनी एकत्र येऊन इमारत स्वतः घ्यावी अशी वाटही कायद्यानं १९८६ मध्ये काढली होती. म्हाडा कायद्यात एक प्रकरण घालण्यात आलं. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था केली तर सरकार इमारत संपादित करून त्यांना देईल आणि मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. मालकांनी त्याला आव्हान दिलं. त्यातून उठलेला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. तीन दशकं खटला चालला. तेवढ्यात किती इमारती पडल्या आणि किती टॉवर उठले!

इतका वेळ ज्यांच्याबद्दल लिहिलं ते सगळे पावतीवाले. आता पुण्याच्या हिंजवडीत, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, खारघरमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे घ्या. त्यांचा करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असतो. कायद्यानं ते परवानाधारक आहेत. १९७३ मध्ये सरकारनं १ फेब्रुवारीला ज्यांचे लायसन्स चालू होते अशा लोकांना एका दुरुस्तीनं संरक्षित भाडेकरू केलं. तेव्हापासून घर भाड्यानं देणाऱ्याच्या मनात जी धास्ती बसली ती आजच्या कराराच्या प्रत्येक ओळीत दिसते.

ठाण्यातलं एक तरुण जोडपं भेटलं. भाडं २८,००० रुपये. सातव्या महिन्यात मालकानं फोन करून सांगितलं की बाजारभाव वाढला आहे, पुढच्या महिन्यापासून ३३,००० द्या, नाहीतर महिनाअखेर निघा. त्यांनी सामानाची आवराआवर सुरू केली होती. गरज नव्हती. नोंदवलेल्या करारात ठरलेली रक्कम मुदत संपेपर्यंत मालकाला एकतर्फी बदलता येत नाही, आणि करारात लिहिलेल्या कारणाशिवाय मधेच निघा म्हणता येत नाही. पण मुदत संपल्यावर? मग मालक वाटेल ती रक्कम मागू शकतो. ४ टक्क्यांची मर्यादा इथे नाही. परवान्याची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि दुप्पट दरानं भरपाई लागते. प्राधिकाऱ्याचं समन्स आल्यावर तीस दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. मागितली नाही तर विरोध करण्याची संधी संपते.

म्हणजे १८० रुपये भाड्याला कायद्याचं छत्र आणि २८,००० ला नाही. जुन्यांचं छत्र काढून घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. ते गेलं तर काकूंसारख्या बायका रस्त्यावर येतील. पण शहरात नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींना दर जूनमध्ये नवं घर शोधायला लावणारी ही व्यवस्था न्यायाची नाही. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नको, भाडं वाढवण्याआधी तीन महिन्यांची लेखी सूचना, तक्रारींसाठी वेगळं भाडे प्राधिकरण, अशा त्यातल्या काही गोष्टी चांगल्या आहेत. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे. महाराष्ट्रानं डिपॉझिटची मर्यादा आणि प्राधिकरण तरी उचलावं. आज चाळीस हजारांच्या डिपॉझिटमधून रंगकामाचे पंधरा हजार कापले तर दिवाणी दावा करायचा कुणी?

सध्याच्या कायद्यात या मंडळींच्या बाजूचं एक शस्त्र आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यानं ती टाळली तर त्याला शिक्षा होऊ शकते, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणून ‘नोटरी करू, खर्च वाचेल’ असं दलाल म्हणाला तर नको म्हणा. नोंदणी करताना मुदतीतली वाढ, लॉक-इन, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगकाम कुणाचं, हे चार मुद्दे लिहून घ्या. एकदा सही झाली की तो करारच तुमचा कायदा. आणि मालकानं पोलीस आणतो म्हणून दम दिला तर एवढं लक्षात ठेवा की घर खाली करून देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. तो आदेश न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचाच लागतो.

स्मॉल कॉजेसमधल्या त्या वकिलांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली. बेलिफ समन्स घेऊन आला की काहीजण दार उघडत नाहीत, कागद घेतला नाही तर खटला लागत नाही अशी त्यांची समजूत. समन्स दाराला चिकटवलं जातं, बजावणी झाली असं धरलं जातं, नव्वद दिवस मोजायला सुरुवात होते आणि एकतर्फी हुकूमनामा हातात पडतो. वकिलाचे पैसे नाहीत हे कारण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. साधा अर्ज लागतो. सोबत नोटीस किंवा समन्स, आणि ते ज्या पाकिटातून आलं ते पाकीट.